बाबली पेंटर बुडती होडी काढत नाही

बाबली पेंटरचं नाव संस्थेला सुचवलं ते मीच. त्यामुळे पुढचं सगळं वर्ष तक्रार करायला मला कुणी उरलं नाही, आणि तक्रार तर रोज करावीशी वाटायची.

मी मालवणात प्राथमिक शाळेत शिकवते. कुडाळच्या एका संस्थेसाठी मी मुलांचं एक पुस्तक लिहिलं होतं. हवामान का बदलतंय, समुद्र का वाढतोय, उन्हापासून आणि वाऱ्यापासून वीज कशी करतात, असं चौथी-पाचवीच्या मुलांना कळेल अशा भाषेत. ही गोष्ट दोन हजार सातची. संस्थेचे विनीतसर म्हणाले, "बाई, चित्रं आपल्याकडची हवीत. दिल्लीहून येतात त्या पुस्तकांत बर्फ आणि पांढरी अस्वलं असतात. आपल्या मुलांनी अस्वल कुठे बघितलंय?" मला पटलं, आणि माझ्या तोंडातून बाबलीचं नाव गेलं.

बाबली देवबागचा. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला दर्या आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी, तिच्यावर त्याचं घर. बाप, काका, भाऊ, सगळे मासेमारी करणारे. बाबलीला मात्र होडीत पाय ठेवला की पोटात ढवळायचं. लहानपणी बापाने हट्टाने चार वेळा नेला, चारही वेळा आडवा पडून परत आला. शेवटी बाप वैतागून म्हणाला, "तू काठारच रव." मग बाबली काठावरच राहिला आणि होड्या रंगवायला लागला. देवबाग-तारकर्लीच्या किनाऱ्यावर लाल-निळ्या पट्ट्यांची, पिवळ्या सावलीच्या अक्षरांची होडी दिसली की ती बाबलीच्या हातची समजावी. त्याच्या 'श्री'ची वेलांटी एवढी लांब जायची की पुढचं नाव तिच्या खाली सावलीला बसल्यासारखं वाटायचं.

अक्षर सुंदर, यात वाद नाही. माणूस मात्र असा की देवाने संयम वाटला तेव्हा हा चहाला गेला असावा, आणि त्याच्याबरोबर काम करणाऱ्याचा वाटाही घेऊन गेला असावा.

पुस्तकाचं सांगितल्यावर त्याने हातातला ब्रश डब्यात ठेवला. मग म्हणाला, "पुस्तकार माझा नाव येतला?"

"येतला तर. चित्रकार म्हणून पयल्या पानार."

"बाईनू, होडयेवरचा नाव म्हंजे एका वर्साचा. दुसऱ्या वर्सा खरवडून काढतत आणि नवीन रंग मारतत. इतकी वर्सा झाली, माझ्या हातचा जुना काय एक उराक नाय. पुस्तकावरचा कोण खरवडतलो?"

हे तो इतक्या सरळपणे बोलला की मला त्याची माया आली. ती माया पहिलं चित्र येईपर्यंत टिकली.

पहिलं चित्र एसटीने आलं. बाबलीने ते प्लायवूडवर काढलं होतं. खिडकीच्या झडपेएवढं प्लायवूड, त्यावर होडीचा ऑइल पेंट, वरून वार्निशचा हात. देवबागहून मालवण, मालवणहून कुडाळ असा बाबली तो फळा काखोटीला मारून आला होता आणि कंडक्टरने लगेजचं तिकीट लावलं म्हणून संस्थेत शिरल्या शिरल्या आधी त्यावर बोलला. चित्र स्कॅनरवर ठेवायचं होतं. विनीतसरांनी एकदा स्कॅनरकडे पाहिलं, एकदा फळ्याकडे, आणि मग माझ्याकडे. शेवटी फळा अंगणात नेऊन उन्हात फोटो काढला, तर वार्निशमुळे त्यात चित्रापेक्षा फोटो काढणारे विनीतसरच जास्त दिसत होते.

मी मालवणच्या बाजारातून कागद आणि जलरंग आणून दिले. बाबलीने कागद दोन बोटांत धरला. "ह्यो कागद? ह्यो तर पापड. रंग लावलो की वाकतलो." आणि खरंच वाकला, कारण हा जलरंगसुद्धा होडीच्या फळीला मारतात तसा तीन हात मारायचा. मी सांगायची, पाणी जास्त घ्या, रंग कमी. तो म्हणायचा, पाणी जास्त झाला तर होडी गळता. मी म्हणायची, ही होडी नाय, हो कागद आसा. तो मान डोलवायचा आणि तिसरा हात मारायचा.

पवनचक्की त्याने कधी पाहिली नव्हती, म्हणून एका रविवारी मी त्याला देवगडला घेऊन गेले. डोंगरावरच्या त्या उंच चक्क्यांखाली उभा राहून तो मान वर करून पाहत राहिला. मी पाती, खांब, यंत्राची डबी, सगळं समजावून सांगितलं. त्याचा प्रश्न एकच. "हेचा नाव काय?"

"पवनचक्की."

"ता जातीचा नाव. हिचा स्वताचा नाव काय?"

मी म्हटलं, नाव नसतं, नंबर असतो. त्याला ते अजिबात रुचलं नाही. आठ दिवसांनी चित्र आलं, छान होतं, पाती अगदी बरोबर. फक्त खांबावर वरपासून खालपर्यंत पिवळ्या सावलीच्या अक्षरांत 'श्री भराडी देवी प्रसन्न' असं लिहिलेलं. सौरचुलीवर 'अन्नपूर्णा'. गोबर गॅसच्या टाकीवर 'गोमाता कृपा'. शाळेच्या छपरावरच्या सौरपट्टीवर माझंच नाव, 'भक्ती', खाली कमळ.

"बाबलीभाऊ, ह्या काय केलास?"

"नाव नसलेली वस्तू कोणाची म्हणान सांगतलास? तिका कोण सांभाळतलो?"

मी पांढरा रंग घेऊन सगळी नावं बुजवली. बाबली शेजारी बसून, मी त्याच्या अन्नात माती कालवतेय अशा तोंडाने बघत होता. कमळ राहू दे म्हणाला. मी तेही बुजवलं.

असं करत करत एप्रिल उजाडला. संस्थेला पुस्तक जूनमध्ये, शाळा उघडताना हवं होतं. एक पान सोडून सगळी चित्रं झाली होती. राहिलेलं पान वादळाचं. माझा मजकूर साधा होता: 'समुद्र तापला की वादळं वाढतील. मोठ्या लाटा येतील. होड्या उलटतील.' चित्रात उलटलेली होडी हवी होती.

बाबलीने वादळ आणलं. आभाळ काळंकुट्ट, लाट माडाएवढी, आणि लाटेच्या माथ्यावर होडी. सरळ. आत चार जण, चौघेही नीट बसलेले, एक जण तर हसत होता. मी चित्र परत दिलं. दुसऱ्या खेपेला लाट आणखी मोठी झाली आणि होडी आणखी सरळ. तिसऱ्या खेपेला होडी किनाऱ्यावर ओढलेली, वर झावळ्या टाकलेल्या, आणि वादळ आपलं दूर एकटंच चाललेलं. चौथ्या खेपेला होडीच नव्हती.

माझा संयम संपला. मी देवबागला त्याच्या अंगणात जाऊन उभी राहिले. "उलटी होडी काढूक तुमका येणा नाय काय? सरळ काढलेलो कागद उलटो धरलो तरी होतली!"

बाबली ब्रश धूत होता. त्याने मान वर केली नाही. "येता. पण काढूचंय नाय."

"कित्याक?"

"ज्या हातान नाव घालतंय, त्या हातान ती बुडवू? मगे माझ्याकडे होडी कोण देतलो?"

तेव्हा कुठे सांगितलं त्याने. चार फेऱ्या मारल्या, चार कागद फुकट घालवले, आणि आत्ता सांगतोय. त्यांच्यात होडी रंगवणाऱ्याने बुडालेली, उलटलेली, फुटलेली होडी काढायची नाही, गंमत म्हणूनसुद्धा नाही. रंग देताना होडी कलती करतात तेव्हा तळाकडचा रंग आधी संपवतात आणि नाव घालायच्या आधी ती सरळ करून घेतात. कलत्या होडीवर बाबली साधं अक्षरही काढत नाही. हे सगळं त्याने पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर मी मजकूरच निराळा लिहिला असता. पण नाही. बाबलीला चहाच्या दुकानात सगळं सांगता येतं, फक्त ज्याला सांगायला हवं त्याला सांगता येत नाही.

चहाच्या दुकानात त्याने सांगितलंच होतं. 'बाई माका बुडती होडी काढूक सांगतत' असं तो तिथे म्हणाला, आणि दुकानातून निघून वाडीच्या दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत त्याचं 'बाबलीन बुडती होडी काढली' असं झालं. दुसऱ्या दिवशी दाजी येऊन उभा राहिला. दाजी म्हणजे देवबागातला मोठा होडीवाला. नारळी पौर्णिमेआधी पहिलं नाव त्याच्या होडीवर पडायचं आणि मग बाकीचे बाबलीकडे यायचे. त्यातून मालवणात रेडियमची अक्षरं कापून देणारं दुकान नवीनच निघालं होतं. मशीनवर कापायची, पाठीचा कागद सोलायचा आणि चिकटवायची. तरणी मुलं तिकडे जायला लागली होती.

"बाबल्या," दाजी म्हणाला, "तू म्हणे बुडती होडी काढलंस. तसा आसात तर माझ्या होडयेक ब्रश लावू नको. मी मालवणाक नेवन रेडियम मारून घेईन."

बाबली घरात धावला आणि चारही वादळं आणून दाजीपुढे मांडली. "बगा दाजीनू. सरळ आसा की नाय? ही बगा. ही पण. हयसर तर होडीच नाय."

दाजीने चारही कागद डोळ्यांजवळ धरून पाहिले. "सध्या सरळ आसा," एवढं म्हणून तो निघून गेला. त्या 'सध्या'ने बाबलीची झोप उडवली.

मी कुडाळला जाऊन विनीतसरांना सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत, पण त्यांच्याही डोक्यावर माणसं होती. "बाई, मुलांना परिणाम दिसायला हवा," ते म्हणाले. "नुसतं वादळ म्हणजे चित्रातला काळा रंग. कुणाचं काय गेलं ते दिसत नाही. तुमच्या पेंटरना जमत नसेल तर ते पान कोल्हापूरच्या चित्रकाराकडे देऊ. पण मग एक पान वेगळं दिसेल, म्हणजे सगळंच त्यांच्याकडून परत करून घ्यावं लागेल."

"आणि नाव?"

"जो काढेल त्याचं."

हे मी बाबलीला सांगितलं तेव्हा तो पायरीवर बसला. एरवी ज्याचं तोंड बंद करायला मला ओरडावं लागायचं तो माणूस नखांतला रंग खरवडत राहिला, आणि मला ते अजिबात सहन होईना. नाव हवं तर होडी उलटी करायची. होड्या हव्यात तर नाव सोडायचं. मी ज्याला वर्षभर शिव्या घातल्या त्याच्यापुढे आता मलाच काही सुचत नव्हतं, याचाही मला राग आला.

मग डोक्यात आलं, पुस्तक लिहिलंय कुणी? मीच ना? 'होड्या उलटतील' हे काय कुणी दगडावर कोरलंय? मी तिथेच पायरीवर बसून वाक्य बदललं: 'समुद्राचं पाणी किनाऱ्यावरच्या घरांत शिरेल.' बाबलीला वाचून दाखवलं. मला भीती होती, हा आता म्हणेल, घर पण नाय.

तो उठलाच. "घर? घर काढतंय मी. ह्या काय, आताच काढतंय."

आणि खरोखर, एवढ्या दिवसांत ज्याने एक कागद वेळेवर दिला नव्हता त्याने संध्याकाळच्या आत चित्र करून दिलं. त्याचं स्वतःचं घर. कौलं तीच, दारापुढचं तुळशीवृंदावन तेच, पडवीतल्या रंगांच्या डब्यासुद्धा त्याच. घर आणि दर्या यांच्यामध्ये पूर्वी माडांची बाग होती, दर पावसाळ्यात दर्या त्यातले काही माड पाडून नेतो. उरलेले माड त्याने चित्रात आडवे केले होते. पाणी उंबऱ्यावरून आत गेलं होतं, तुळस बुडाली होती, डब्या तरंगत होत्या. दारात त्याची बायको हौसाबाई कपाळाला हात लावून रडत बसली होती.

मी पाहतच राहिले. "बाबलीभाऊ, लोकांची होडी बुडवूक नको, आणि आपला घर चलता?"

"घर माझा आसा," तो म्हणाला. जणू मी अगदीच बाळबोध काहीतरी विचारलं. "माझ्या घराचा वायट काढूक माका कोणाक इचारूक नको. होडी लोकांची. तिच्यार माणसा जातत."

"हौसाबाईंक इचारलास?"

त्याने इकडे तिकडे बघितलं. अर्थातच विचारलं नव्हतं.

हौसाबाई बाजारातून मासे विकून आल्या. पाटी खाली ठेवली, हात धुतले आणि चित्र समोर धरलं. मी मनात तयारी केली की आता वादळ म्हणजे काय ते मला प्रत्यक्ष बघायला मिळणार. मिळालं, पण भलत्याच कारणावरून.

"ही कोण?"

"तू," बाबली म्हणाला.

"मी? अशी बोंबलत बसलंय? रे मेल्या, पाणी इला तर मी पयल्या कोंबड्यो वर घालीन, मगे तांदळाचो डबो. बोंबलूक वेळ खंय आसा माका? मागच्या पावसात मागल्या दारात पाणी इला तेव्हा तू खंय होतंस? चायच्या दुकानात! कोंबड्यो कोणी वर घातल्यो?"

बाबलीने चित्र त्यांच्या हातून काढून घेतलं. मागच्या पावसात पाणी मागल्या दारापर्यंत आलं होतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मी वर्षभर या घरी येत होते, समुद्र वाढणार म्हणून पुस्तक लिहीत होते, आणि या दोघांपैकी एकानेही मला हे सांगितलं नव्हतं. विचारलं तर हौसाबाई म्हणाल्या, "तेच्यात सांगण्यासारख्या काय आसा? दरवर्सा थोडाथोडा येता." मला रडू यायचं बाकी होतं, आणि त्या माझ्यासाठी चहा टाकायला आत गेल्या.

बाबलीने हौसाबाई पुसल्या आणि नव्याने काढल्या. आता त्या कमरेएवढ्या पाण्यात उभ्या, पदर खोचलेला, दोन्ही हातांत एकेक कोंबडी, कौलांकडे उचललेली. तिसरी कोंबडी आधीच कौलावर बसून खाली बघत होती. विनीतसरांना चित्र इतकं आवडलं की मुखपृष्ठावर घ्या म्हणाले. हौसाबाई नको म्हणाल्या, एवढीच काय ती त्यांची अट. पान आत गेलं, कोल्हापूर टळलं.

पुस्तक जूनमध्ये यायचं ते ऑगस्टमध्ये आलं, यात बाबलीचा दोष नव्हता हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण बाकी सगळ्यात होता. तोपर्यंत नारळी पौर्णिमा होऊन गेली होती. दाजीची होडी बाबलीनेच रंगवली. दाजीने घराचं चित्र पाहिलं, "ह्या बरा केलंस" म्हणाला आणि होडी दिली. त्याच्या मागोमाग बाकीचेही आले.

प्रकाशन कुडाळला एका शाळेच्या सभागृहात होतं. बाबली कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. पहिल्या पानावर छापलं होतं, 'चित्रे: बाबली पेंटर, देवबाग'. त्याने ते पान उघडून बोटाने अक्षरं खरवडून पाहिली, माझ्यादेखत, आणि समाधानाने पुस्तक मिटलं. हौसाबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या.

भाषणं झाली. उन्हाची वीज, वाऱ्याची वीज, आपण काय करू शकतो, सगळं झालं. मग मुलांना चित्रकारांना प्रश्न विचारायला सांगितलं आणि बाबलीच्या हातात माइक दिला. हा माणूस माइकवर काय बोलेल याचा नेम नव्हता. पवनचक्कीवरचं नाव बाईंनी बुजवलं, हे त्याने पहिल्याच उत्तरात सांगून टाकलं.

मग मधल्या रांगेतली एक मुलगी उठली. वादळाचं पान उघडून तिने पुस्तक छातीशी धरलं होतं.

"हे घर कुणाचं आहे?"

"आमचा," बाबली हसून म्हणाला. "ही कोंबड्यो घेवन उभी आसा ती माझी बायल. ती बग, थंय बसली आसा."

सगळी मुलं वळून हौसाबाईंकडे बघायला लागली आणि हसली. ती मुलगी हसली नाही. तिने परत चित्राकडे पाहिलं.

"मग आता तुम्ही कुठे राहता?"

बाबलीला प्रश्न कळायलाच वेळ लागला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग हौसाबाईंकडे.

"थंयच," तो म्हणाला. "आणखी खंय जातलंव, बाय?"

मुलगी थोडा वेळ उभी राहिली. तिला वाटलं असावं, उत्तराचा राहिलेला भाग येईल. तो आला नाही, तेव्हा तिने पुस्तकाची पुढची पानं उलटून बघितली, एक, दोन, शेवटपर्यंत. तिथे सौरचूल होती, पवनचक्की होती, गोबर गॅस होता. ती काय शोधत होती ते मला कळत होतं, आणि ते त्या पुस्तकात नाही हे माझ्याइतकं तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. ती खाली बसली.